चिखलात उघडं पडणारं काम

फोर बाय फोर गाडीची दुरुस्ती नीट झाली की नाही, हे गॅरेजच्या दारात कळत नाही. नाशिकमधल्या द्वारकेच्या किंवा वडाळा नाक्याच्या गॅरेजमधून निघालेली गाडी मुंबई नाक्यापर्यंत छान पळते. ब्रेक लागतात, गिअर पडतात, आवाज येत नाही. मालक पैसे देऊन मोकळा होतो. मग श्रावणात कधीतरी हरसूलच्या बाजूला किंवा पेठ रस्त्यावर सावळघाटापलीकडे गाडी कच्च्या वाटेला लागते आणि लो गिअर टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत. नाहीतर दोन तासांनी एका हबमधून जळका वास यायला लागतो. दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘इथून निघाली तेव्हा ओके होती. तुम्ही चिखलात घातली ना?’

चिखलात घालण्यासाठीच ती गाडी घेतली, हे खरं असलं तरी एवढं बोलून काम होत नाही. बहुतेक मालक इथे आवाज चढवतात, नाहीतर मुकाट दुसरं गॅरेज गाठतात. आवाज चढला की मिस्त्री हट्टाला पेटतो. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी उघडली की पहिल्याला सुटायला वाट मिळते, ‘त्याने बिघडवलं’ म्हणायला तो मोकळा. या दोन्ही वाटा टाळायच्या असतील तर वाद कामावर ठेवायला हवा, आणि कामाबद्दल वाद घालायचा तर हातात नोंद हवी. ती नोंद कधी, कुठे आणि कशी करायची, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

नाशिककरांना हा विषय परका नाही. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली, बोलेरो आणि थारही इथल्याच. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराकडे पिकअप किंवा कॅम्पर असते, इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात शेत असलेल्याकडे थार, आणि कुणाच्या तरी शेडमध्ये हौसेने जपलेली जुनी एमएम ५४० किंवा मेजर. मायको सर्कल हे नाव ज्या कंपनीवरून पडलं तिथे, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल अनेक दशकं बनत आले. अशा गावात जाणकार माणसाची वाण नसावी, आणि ती नाहीच. तरी वाईट काम होतं, कारण फोर बाय फोरचं निम्मं काम गाडीच्या पोटाखाली असतं. गिऱ्हाईक तिथे वाकून बघत नाही, आणि तो बघणार नाही हे गॅरेजवाल्याला ठाऊक असतं.

गाडी सोडताना

तक्रारीची अर्धी ताकद गाडी गॅरेजमध्ये सोडतानाच ठरते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला जॉब कार्ड मिळतं. त्यावर सही करण्याआधी त्यात काय लिहिलंय ते वाचा. ‘जनरल चेकअप’ किंवा ‘नॉइज प्रॉब्लेम’ असं मोघम लिहिलं असेल तर खोडून नीट लिहायला लावा. लहान गॅरेजमध्ये जॉब कार्ड नसतं. तिथे मालकाच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेज पुरतो : गाडीचा नंबर, किलोमीटर, तक्रार काय, कोणतं काम सांगितलं, अंदाजे खर्च किती, गाडी कधी मिळणार. शेवटी ‘बरोबर आहे ना?’ असं विचारा. समोरून आलेलं नुसतं ‘हो’ पुढे फार मोलाचं ठरतं.

तक्रार लिहिताना निदान मिस्त्रीवर सोडा, लक्षणं मात्र तुम्ही सांगा. ‘क्राऊन-पिनियन गेलंय, बदला’ असं लिहिलंत आणि दोष भलतीकडे निघाला, तर तुम्ही सांगितलं तेच केलं असं तो म्हणेल, आणि त्याचं बरोबरच असेल. ‘साठच्या पुढे खालून घरघर येते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आवाज बदलतो’ असं लिहिलंत तर दोष शोधायची जबाबदारी त्याच्याकडे राहते.

बदललेले जुने पार्ट परत हवेत, हेही तेव्हाच सांगा. काम झाल्यावर मागितले तर ‘भंगारात गेले’ हे उत्तर येतं. टर्बो, इंजेक्टर असे काही पार्ट बदलीवर मिळतात, तिथे जुना द्यावा लागतो. मग निदान त्याचा आणि त्यावरच्या नंबराचा फोटो घ्या.

बिलाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. ‘पक्कं बिल हवंय का? १८ टक्के जीएसटी लागेल,’ असं गॅरेजवाला म्हणतो आणि आपण कच्च्या चिठ्ठीवर राजी होतो. हा सौदा महागात पडतो. चिठ्ठीवर गॅरेजचं नाव नसतं, पार्टचा नंबर नसतो, कधी तारीखही नसते. उलाढाल कमी असल्यामुळे जीएसटी नोंदणी नसलेलं गॅरेजही साधं बिल देऊ शकतं, त्यात काहीच अडचण नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे तारीख आणि रक्कम बँकेतही राहते.

इथे मालकांनाही एक सांगावंसं वाटतं. मिस्त्री सांगतो, ‘साहेब, सीलबरोबर बेअरिंगही गेलंय, दोन्ही बदलू.’ आपण म्हणतो, ‘सध्या सीलच टाका.’ महिन्याभरात ते सील पुन्हा गळलं तर दोष त्याचा नाही. ढिल्या बेअरिंगमुळे शाफ्ट हलतो आणि नवं सीलही खातो. चांगला मिस्त्री असा नकार बिलावर लिहून ठेवतो. त्याने लिहिलं नसलं तरी आपण लक्षात ठेवावं आणि जे काम आपणच थांबवलं त्याचा जाब त्याला विचारू नये.

ताब्यात घेतल्यावर

गाडी घेतल्यापासूनचा पहिला आठवडा फार महत्त्वाचा. या दिवसांत ती तपासलीत आणि दोष लगेच लेखी कळवलात, तर ‘नंतर तुम्ही काय केलंत कोण जाणे’ या युक्तिवादात जीव उरत नाही.

आधी गॅरेजमध्येच गाडीखाली बघा. रॅम्पवर घ्यायला सांगा, मोबाइलचा टॉर्च लावा. हात कुठे लागलाय ते लगेच दिसतं, कारण उघडलेल्या जागेवरचा मातीचा थर गेलेला असतो. पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलल्याचं बिलात लिहिलंय आणि ड्रेन प्लगवर जुनी माती तशीच घट्ट बसलीय, तर पैसे देण्याआधी विचारा. पाटे बदलले असतील तर यू-बोल्टचे नट बघा आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा आवळून द्यायचं कबूल करून घ्या, कारण नवे पाटे बसतात तसे नट सैल पडतात. चाकं काढली असतील तर चाकांचे नटही पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात. गाडीची उंची वाढवली असेल तर चाक खाली लोंबतं ठेवून ब्रेकचा होज ताणला जातोय का ते पाहा. हे मी मुद्दाम सांगतोय. उंची वाढवताना होज तोच ठेवणारे आहेत, आणि घाटात तो तुटला तर पुढचं सांगायला नको.

मग रस्त्यावर चालवून बघा. वीसेक किलोमीटर गेल्यावर थांबा आणि चारही हबांजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावू नका, नुसती ऊब अजमावा. ब्रेक वापरल्याने सगळेच गरम असतात, पण एकच हब बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापला असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक धरून राहतोय. मोकळ्या सरळ रस्त्यावर थरथर येत असेल तर तोच वेग असताना गिअर न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर इंजिनावरचा संशय कमी होतो आणि शाफ्ट, क्रॉस, टायर, रिम यांच्याकडे बघावं लागतं. शाफ्ट काढून बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे स्प्लाइन वेगळ्या दातांवर बसणं. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत यायला हवेत, ते येत नाहीत आणि गाडी थरथरायला लागते. काढण्याआधी पंचने दोन खुणा केल्या असत्या तर हे टळलं असतं. गाडी निघताना ‘टक्’ असा झटका येत असेल तर क्रॉस तपासायला सांगा.

फोर व्हील मात्र डांबरावर तपासू नका. थार आणि जुन्या जिपांसारख्या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर ती घसरू शकत नाहीत, आणि सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो. चाचणीच्या नादात चांगलं मोडेल आणि दोष तुमच्या माथी येईल. नांगरलेलं रान किंवा वाळूची जागा बघा. गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये, लो टाका. पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता क्लच हळू सोडा. बाहेर एक माणूस उभा करून पुढची चाकं खरंच ओढतायत का ते त्याला बघू द्या आणि व्हिडिओ काढायला सांगा. जुन्या जीपला हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतील तर दोन्ही बाजू लॉकवर असल्याची खात्री आधी करा. एकच बाजू फ्रीवर राहिल्यानेही मिस्त्रीला शिव्या बसतात.

पाण्यातून गाडी गेली असेल तर आणखी एक. एक्सल तापलेला असताना थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढते. ब्रीदर मोकळा असेल तर प्रश्न येत नाही. तो मातीने बुजलेला असेल तर पाणी सीलच्या कडेने आत शिरतं आणि ऑइल दुधाळ होतं. अनेक गॅरेजवाले नुसतं ऑइल बदलून देतात. पुढच्या ओढ्यात पुन्हा तेच. ऑइल दुधाळ निघालं होतं तर ब्रीदर साफ केला का, सील पाहिलं का, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. नव्या थारची पाण्यात उतरण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर दिली आहे. ओढ्यात तुमची गाडी त्याहून खोल गेली असेल तर ती गोष्ट लपवून तक्रार करू नका. ती बाहेर येतेच आणि मग खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

दोष सापडल्यावर

ब्रेक, स्टेअरिंग किंवा चाकाचं बेअरिंग यांत दोष दिसला तर गाडी तिथेच थांबवा. कसारा घाट उतरून ‘मग बघू’ हा विचार करू नका. टोइंगचा खर्च पावतीसह ठेवा, तो पुढे मागता येतो.

बाकी दोषांसाठी त्याच गॅरेजला एक संधी द्यावी, असं माझं ठाम मत आहे. माणूस म्हणून ते बरं आहेच, शिवाय दुरुस्तीची संधी दिली होती हे पुढे दाखवता येतं. मात्र ही संधी लेखी द्या आणि मुदत घाला. समजा, पुढच्या डाव्या हबचं काम झालंय. तर मजकूर असा असावा : ‘३ तारखेला तुमच्याकडे डाव्या पुढच्या हबचं बेअरिंग बदललं, बिल सोबत आहे. ५ तारखेपासून वीस किलोमीटर चालवल्यावर तोच हब बाकी तिन्हींपेक्षा खूप तापतो आणि जळका वास येतो. व्हिडिओ सोबत आहे. गाडी थांबवून ठेवली आहे. सात दिवसांत तपासून वेगळी मजुरी न घेता दुरुस्त करून द्यावी.’ बस. ‘फसवणूक’, ‘लुटारू’ असे शब्द नकोत. आधीच्या दहा तक्रारींची उजळणीही नको. एका पत्रात एकच काम. जबाबदार गॅरेजवाला असं पत्र आलं की बहुधा गाडी घेऊन ये म्हणतो, कारण त्यालाही कळतं की समोरचा माणूस नोंदी ठेवतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर हेच पत्र सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेलने एकाच वेळी पाठवा. दुरुस्ती विम्यातून कॅशलेस झाली असेल तर विमा कंपनीलाही प्रत द्या. पैसे तिने दिलेले असतात आणि काम पुरं झाल्याची सही तुम्ही केलेली असते, म्हणून ती सही गाडी बघितल्याशिवाय करू नका.

गाडी गॅरेजमध्येच असताना वाद झाला तर काय? गाडी जबरदस्तीने बाहेर काढू नका. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलंय त्याला आपली योग्य मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. म्हणून पैसे भरा, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘कामाबद्दल हरकत राखून रक्कम दिली’ असं लिहा, त्याखाली गॅरेजवाल्याची सही घ्या आणि गाडी घरी आणा. सही द्यायला त्याने नकार दिला तर तेच वाक्य लगेच मेसेजने पाठवा. त्याच कायद्याचं कलम १५१ तुमच्या बाजूचं आहे : ताब्यात दिलेल्या वस्तूची शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी त्याने घ्यायलाच हवी. गॅरेजच्या आवारात गाडी ठोकली गेली, बॅटरी बदलली गेली, तर हे कलम उपयोगी पडतं. यासाठीच गाडी सोडताना चारी बाजूंचे, किलोमीटरचे आणि बॅटरीच्या नंबराचे फोटो काढायचे.

दुसऱ्या मिस्त्रीकडे जाण्याआधी

संधी देऊनही काम झालं नाही, तर दुसरं गॅरेज आलंच. पण उघडण्याआधी पहिल्याला कळवा : अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी गाडी उघडणार आहे, हवं तर हजर राहा. तो येवो न येवो, कळवल्याची नोंद राहते. उघडताना सलग व्हिडिओ घ्या. सुरुवातीला नंबर प्लेट आणि किलोमीटर, मग नट सोडवण्यापासून दोष दिसेपर्यंत, मध्ये न थांबता. दुसऱ्या गॅरेजकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या : काय आढळलं, ते कशामुळे, दुरुस्तीला किती लागेल. ‘आधीच्याने वाट लावली’ असं मत नको. ‘बेअरिंगचं ग्रीस जळालेलं, रोलर निळे पडलेले, लॉक वॉशर नाही’ असं दिसलेलं लिहून हवं. डिझेल पंप आणि इंजेक्टरच्या कामात हे आणखी सोपं आहे. पंपवाल्याकडे टेस्ट बेंच असतो, इंजेक्टर तपासून आलेले आकडे त्याच्याकडून लेखी घ्या. लहान गॅरेजवाले एकमेकांविरुद्ध लिहून द्यायला कचरतात, धंदा एकाच गल्लीत असतो. अशा वेळी परवानाधारक विमा सर्व्हेअर किंवा मेकॅनिकल इंजिनिअर यांच्याकडून फी भरून अहवाल घेतलेला बरा.

गाडीत केलेले बदल या टप्प्यावर अडचणीत आणतात. मोठे टायर, उंची, विंच, जादा दिवे आणि त्यांची टेप गुंडाळलेली वायरिंग, यातलं जे आरसीशी किंवा कंपनीच्या मापाशी जुळत नाही त्याकडे समोरचा आधी बोट दाखवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई आहे. बदल केलेला असेल तर अहवालात त्याचा उल्लेख करून घ्या आणि दोषाशी त्याचा संबंध आहे की नाही हे तज्ज्ञालाच लिहू द्या.

गॅरेजपलीकडे

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीत बोलता येतं, तक्रार क्रमांक मिळतो. मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी वाद असेल तर इथे बऱ्याचदा हालचाल होते. गल्लीतल्या गॅरेजवर मात्र तिचा जोर कमी पडतो. सल्ल्यासाठी ग्राहक पंचायत आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेली ही चळवळ महाराष्ट्रभर पसरली, आणि तिच्या कार्यकर्त्यांना कागद कसे लावायचे हे चांगलं ठाऊक असतं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने मोठी सोय केली : तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे पुण्यात किंवा सिल्वासात गाडीचं काम बिघडलं असलं तरी नाशिकला दाद मागता येईल. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्याही दाखल होते. दोष दूर करून देणं, पैसे परत, नुकसानभरपाई, सगळं मागता येतं. पिकअप शेतमाल वाहायला वापरत असाल तर समोरचा ‘हा व्यावसायिक वापर, हे ग्राहकच नाहीत’ असा आक्षेप घेईल. गाडी स्वतः चालवून स्वतःच्या उपजीविकेसाठी वापरता, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि सातबारा जोडा.

निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो हे मनात धरूनच पाऊल टाका. आयोगासमोर मध्यस्थीचीही सोय आहे. काही हजारांच्या वादात मला तीच जास्त पटते.

तोवर गाडी उभी ठेवायची का? द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, तेव्हा पिकअप शेडमध्ये ठेवून कुणाचंच भागत नाही. तज्ज्ञाची तपासणी आणि अहवाल पूर्ण करा, गॅरेजला सात दिवसांची लेखी सूचना द्या की यानंतर दुसरीकडे दुरुस्ती करून तो खर्च तुमच्याकडे मागणार आहे, आणि मुदत संपली की गाडी दुरुस्त करून कामाला लावा. काढलेले पार्ट न धुता गोणीत भरा, चिठ्ठीवर गाडीचा नंबर, तारीख आणि काढणाऱ्याची सही घ्या, आणि निकाल लागेपर्यंत ती गोणी भंगारवाल्याच्या हाती जाणार नाही एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.